मागच्या नळीचं गाऱ्हाणं



माणूस मोटार घ्यायला जातो तेव्हा रंग बघतो, गाद्या दाबून बघतो, डिकी उघडून बघतो, अ‍ॅव्हरेज विचारतो. गाडीच्या पोटाखाली मात्र कोणी वाकून बघत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार बॉनेटवर चढतो, कुंकवाचं बोट स्टिअरिंगला लागतं. सायलेन्सरची पूजा करणारा मला अजून भेटायचा आहे. बत्तीस वर्षं मी पुण्यात गॅरेज चालवतो आणि या काळात मागच्या नळीच्या जितक्या तक्रारी ऐकल्या, त्यातल्या निम्म्या तरी थोडी माहिती असती तर उद्भवल्याच नसत्या. म्हणून आज त्या नळीबद्दल बोलणार आहे.

आपण सरसकट ज्याला सायलेन्सर म्हणतो, ती खरं तर एक साखळी असते. इंजिनातून निघालेला तापलेला वायू आधी मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो. तिथून तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो, मग सायलेन्सरच्या डब्यात त्याचा आवाज मरतो आणि शेवटी मागच्या नळीतून तो बाहेर पडतो. कन्व्हर्टर म्हणजे आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला डबा. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. आपल्याकडे 1995 साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. याच धातूंच्या लोभाने चोर हल्ली रात्रीतून अख्खा सायलेन्सर कापून नेतात.

सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे, ‘शेठ, सकाळी मागच्या नळीतून पाणी गळतं. इंजिन गेलं का हो?’ नाही, इंजिन गेलेलं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. गाडी तापली की ते वाफ होऊन निघून जातं. थंड असताना मात्र ते थेंबाथेंबाने गळतं. इंजिन पुरतं तापल्यावरही पांढरी दाट वाफ येत राहिली आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर मात्र गाडी दाखवून घ्यावी.

या पाण्याची दुसरी बाजू अशी की, ते सायलेन्सर आतून खातं. घर ते भाजी मंडई दीड किलोमीटर. सायलेन्सर तापायच्या आत गाडी परत दारात! पाणी डब्यातच राहतं आणि गंज धरतो. म्हणून रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीपेक्षा कमी पळालेल्या, जपून ठेवलेल्या गाडीचा सायलेन्सर आधी सडलेला मी कितीदा पाहिला आहे. कोकणातल्या गाड्यांना खारी हवा बाहेरूनही खाते, ते वेगळंच.

दुसरी तक्रार खडखडाटाची. सायलेन्सर रबरांवर टांगलेला असतो. गतिरोधकावर पोट घासलं, एखादं रबर तुटलं की तो खाली लोंबतो आणि आपटतो. हे काम किरकोळ असतं. पण खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज कन्व्हर्टरमधून येत असेल, तर आतली जाळी फुटली असं समजावं. ती आपटून फुटते किंवा वितळते. स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब झाली की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळून वाट बंद होते. गाडी ओढेनाशी होते. मालक महागडा नवा कन्व्हर्टर बसवतो, जुना प्लग तसाच राहतो, आणि काही महिन्यांनी नवाही जातो. मग भांडण गॅरेजवाल्याशी!

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजूनही शरम वाटते.

1998 चा पावसाळा होता. मी नवा होतो, हातात काम भरपूर होतं आणि अक्कल थोडी. जुन्या पेट्रोल गाडीचं एक कुटुंब माझं गिऱ्हाईक होतं. दर पंधरा दिवसांनी ते साताऱ्याकडे गावी जायचे. गाडी थोडी आवाज करते, एवढीच मालकांची तक्रार होती. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘भाऊ, गाडीत बसलं की माझं डोकं दुखतं. मुलं तर अर्ध्या वाटेत पेंगुळतात, उलट्या करतात. उतरून तासाभरानं बरं वाटतं.’ मालक हसले. मीही हसलो. म्हणालो, ‘वहिनी, मुलांना गाडी लागते. आलेपाक देत जा.’ आणि कार्बोरेटर साफ करून गाडी देऊन टाकली.

पुढच्या खेपेला त्या एकट्याच आल्या. रिक्षाने. म्हणाल्या, ‘एसटीत मुलांना काही होत नाही. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात तेव्हाही होत नाही. पावसात काचा बंद केल्या की होतं. तुम्ही गाडी खालून बघितली का?’ मी बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडी खड्ड्यावर घेतली. पुढच्या नळीच्या जोडाशी बोट जाईल एवढं भोक होतं, भोवती काजळीचा काळा डाग. त्याच्या बरोबर वर, पायाखालच्या पत्र्यातलं रबरी बूच गळून पडलेलं होतं. वर नुसतं मॅटिंग. धूर सरळ गाडीत जात होता.

त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा फसवा वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग झोप. त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. त्या माउलीने सगळी लक्षणं मला क्रमाने सांगितली होती आणि मी तिला आलेपाक सुचवला होता. मुलं वाचली ती तिच्या चिकाटीमुळे. त्या दिवसापासून आवाजाची किंवा वासाची तक्रार आली की मी आधी गाडी उचलतो, मग बोलतो. आणि मागे बसणाऱ्यांना आधी विचारतो.

म्हणून सांगतो, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. उभ्या गाडीत काचा लावून, एसी चालू ठेवून झोपू नका. मागची नळी चिखलात रुतली असेल तर ती मोकळी केल्याशिवाय गाडी चालू करू नका. कन्व्हर्टर वायू बराच शुद्ध करतो हे खरं, पण तो तापल्यावरच काम करू लागतो. आणि गळती त्याच्या अलीकडे असेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

आता अलीकडच्या तक्रारीकडे वळतो. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानकं लागू झाली. इंधनातलं गंधक दशलक्ष भागांत पन्नासवरून दहावर आलं, आणि डिझेल मोटारींच्या नळीत काजळी अडवणारी जाळी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडीचा कॉम्प्युटर थोडं जास्त डिझेल सोडून सुमारे सहाशे अंश तापमान गाठतो आणि ती जाळून टाकतो. मात्र त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते.

माझे एक गिऱ्हाईक बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यात एका रुपयाचा हिशेब न चुकलेला माणूस. हौसेने मोठी डिझेल गाडी घेतली. सकाळी नातवाला शाळेत सोडायचं, संध्याकाळी देवळात जायचं. रोजचे जेमतेम चार किलोमीटर. काजळी जाळायला सुरुवात व्हायची आणि यांचं घर यायचं. दिवा लागला, गाडीची ताकद गेली, डिझेल मिसळून ऑइलची पातळी वाढली. तिसऱ्यांदा असं झाल्यावर ते म्हणाले, ‘शेठ, एक जण दोन तासांत जाळी काढून देतो म्हणतो. कॉम्प्युटरमधून दिवाही घालवतो. तुम्ही करता का?’

मी नाही म्हणालो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे फेरफार करू देत नाही. प्रदूषणाचं मानक मोडून गाडी चालवली, तर कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते बाजूला ठेवलं. त्यांना एवढंच म्हणालो, ‘साहेब, शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करता ना? एकदा उतरून बघा, मागची नळी आणि पोरांची तोंडं यांच्यात किती अंतर असतं.’ ते रागावून गेले. पुढे त्यांनी काय केलं, मला ठाऊक नाही. गिऱ्हाईक तुटलं, एवढं खरं.

तरीही त्यांची तक्रार खोटी नव्हती. रोज किती किलोमीटर फिरता, हे गाडी विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ज्याचं फिरणं गावातल्या गावात आहे, त्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. घेतलीच असेल, तर आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवावी. जाळीचा दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावू नये. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडावं आणि त्यात सांगितलं आहे तसं करावं.

शेवटी एक घरगुती काम सांगतो. येत्या रविवारी, गाडी थंड असताना, कालचा पेपर जमिनीवर अंथरा आणि आडवे होऊन गाडीखाली नजर टाका. जॅक लावून खाली शिरू मात्र नका. जोडांवर काजळीचे डाग आहेत का, रबरं शाबूत आहेत का, गंजाचे पापुद्रे सुटलेत का, ते बघा. आणि गाडीत मागे बसणारं कोणी डोकं दुखतंय म्हणालं, तर हसू नका. आधी काच उघडा, मग गॅरेज गाठा.