समितीतली 'सामान्य व्यक्ती'



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण आज सांगणार आहे वेगळ्याच कामाबद्दल. एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर मी 'सामान्य व्यक्ती' म्हणून सदस्य आहे. हसू नका, हे नियमातलंच पद आहे! रुग्णांवर नव्या औषधाची चाचणी करण्याआधी अशा समितीची मंजुरी लागते. २०१९ च्या नियमांनुसार तिच्यात किमान ७ सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे. सामान्य व्यक्ती हजर नसेल तर गणपूर्तीच होत नाही.

माझं मुख्य काम संमतीपत्र वाचणं. एकदा त्यात 'यादृच्छिक वाटप' असं होतं. मी विचारलं, "एसटीने येणाऱ्या आजींना हे कसं कळणार?" मग वाक्य झालं, 'कोणतं औषध मिळेल, हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरेल.' बुडणारी मजुरी आणि गाडीभाडं कोण देणार, तेही लिहून घेतलं. 'नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत' ही ओळ शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणली.

मराठीच्या बाई म्हणायच्या, "तुझ्या शब्दांत सांग." मी तेच करते. तुम्हाला कुणी बोलावलं, तर जरूर जा. रुग्णाच्या बाजूने प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.