सावड, कोड आणि आठवड्याचे चार तास

आजचा भाग घोटीतून, माझ्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. मागून जो आवाज येतोय तो पावसाचा आहे. इगतपुरी तालुक्यात जुलैमध्ये शांत खोली शोधायची म्हणजे कठीणच, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. ‘दादा, नोकरी करून ओपन सोर्सला वेळ कसा काढतोस?’ ‘घरचे काही बोलत नाहीत का?’ आणि एका मुलीनं विचारलंय, ‘हे सगळं फुकट करायचं, मग जगायचं कधी?’ हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटला. आज त्याच्यावरच बोलू.

आधी मी काय करतो ते थोडक्यात सांगतो. बीटेक झालं, आता एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, काम बहुतेक घरून. ते पगाराचं काम. त्याशिवाय एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीवर काम करतो. देवनागरी मजकूर नीट शोधता यावा, यासाठी ती लायब्ररी आहे.

आता तुम्ही म्हणाल, शोधायला काय लागतं? बघा. ‘डोंगरदऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ आपण वर रफार देऊन लिहीत नाही, आडवी रेघ काढतो. मराठीत हा फरक महत्त्वाचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या. ‘आचार्यास’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. पण गंमत अशी की युनिकोडमध्ये हा आडवा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत. दोन, साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुम्ही एका पद्धतीनं शोधलं आणि मजकूर दुसऱ्या पद्धतीनं टाइप केलेला असेल, तर उत्तर येतं, ‘काहीही सापडलं नाही’.

ही अडचण जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेल्या माणसाला जाणवणारच नाही, कारण त्याला ‘दऱ्या’ कधी शोधायच्याच नाहीत. ती आपल्यालाच जाणवणार, आणि दुरुस्तही बहुतेक आपणच करणार. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. फायरफॉक्सचे, लिबरऑफिसचे मेनू मराठीत दिसतात. त्यामागे कितीतरी माणसांनी ऑफिस सुटल्यावर, पोरं झोपल्यावर बसून केलेलं काम आहे. म्हणून ‘फुकट कशाला करायचं’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. ‘मग जगायचं कधी’ याचं उत्तर शोधायला मात्र वेळ लागला.

तो प्रश्न माझ्या दारात आला गेल्या ऑक्टोबरात. या लायब्ररीचा मुख्य सांभाळणारा, ज्याला आपण मेंटेनर म्हणतो, तो दुसऱ्या देशातला गृहस्थ आहे. नऊ वर्षं एकट्यानं ती सांभाळतोय. त्याचा मेसेज आला, की मी आता थकलोय, तू पूर्ण ताबा घेशील का?

तेव्हा आमच्या घरी सात आठवड्यांचं बाळ होतं. बायको नर्स आहे, ती रजेवर होती. शेतात भात कापणीला आलेला. ऑफिसात मोठा रिलीज तोंडावर. आणि इकडे एक माणूस म्हणतोय, की तू घेतलं नाहीस तर मी हे बंद करतो.

नाही म्हणालो तर मराठीचं एक चालू काम थांबणार. हो म्हणालो तर रात्रीचे ते दोन तास जाणार, ज्यात बायकोला सलग झोप मिळत होती. तुमच्यापैकी अनेक जण अशा जागी कधीतरी उभे राहाल, म्हणून मी कसा विचार केला ते सांगतो.

सगळ्यात आधी मला एक्सझेडची गोष्ट आठवली. काहींना माहीत असेल. एक्सझेड हे फाइल लहान करायचं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं सांभाळत होते, बिनपगारी. २०२२ मध्ये लोक त्यांच्या मागे लागले, की काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी घ्या. त्यांनी उत्तरात सरळ लिहिलं, की मानसिक आरोग्याच्या जुन्या त्रासामुळे फार काही करता येत नाहीये, आणि हा बिनपैशाचा छंदाचा प्रकल्प आहे हेही लक्षात ठेवा. त्या काळात ‘जिया तान’ या नावानं एक जण मदतीला होता. हळूहळू त्याच्याकडे सगळे अधिकार गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत त्या नावानं एक चोरदरवाजा घातला गेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्यांनी खणून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. नाहीतर जगभरचे किती सर्व्हर उघडे पडले असते, कल्पना करा.

लोक या गोष्टीतून सुरक्षेचा धडा घेतात, आणि तो बरोबरच आहे. मला त्यात एक थकलेला माणूसही दिसतो. त्याच्या थकण्याची सोय कुणीच केलेली नव्हती. थकलेल्या माणसाच्या हातातून जो पहिला ओझं घेतो, तो भला असेलच असं नाही. म्हणजे घर आणि कम्युनिटी यांचा तोल हा फक्त माझ्या घरातला प्रश्न राहत नाही. मी झोपेविना काम केलं, तर माझा कोड वापरणाऱ्यालाही धोका आहे.

मग उपाय काय? तो मला अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या बोलण्यात सापडला. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. आवणीचे दिवस मोजके असतात. पाऊस पडला, चिखलणी झाली, की रोप जमिनीत गेलंच पाहिजे, आणि एका घराच्या माणसांनी ते होत नाही. म्हणून सावड. आज पाच घरची माणसं तुमच्या शेतात, उद्या तीच माणसं आमच्या शेतात. पैसे कुणी कुणाला देत नाही. आता मजुरी आली, सावड कमी झाली, पण वाड्यापाड्यांवर अजून आहे.

ओपन सोर्सला लोक सावडीसारखंच म्हणतात, मीही म्हणायचो. अण्णांना समजावून सांगत होतो, तर त्यांनी उलट तीन गोष्टी विचारल्या. तुमच्यात दिवस कोण मोजतं? एखाद्याच्या घरी आजारपण असलं तर तो निरोप कुणाला देतो? आणि आवणी संपते कधी?

माझ्याकडे तिन्हींचं उत्तर नव्हतं. सावडीत दिवसाला दिवस असा हिशेब असतो. यायला जमत नसेल तर आदल्या दिवशी सांगतात, किंवा बदली माणूस पाठवतात, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. आणि शेवटचं खाचर लावून झालं की सावड संपली, सगळे आपापल्या घरी. आपल्या ऑनलाइन कामात मदतीची वृत्ती तीच आहे, पण हे तीन नियम आपण घेतलेच नाहीत. तिथे काम संपतच नाही, कारण कुणीतरी कुठेतरी जागं असतंच.

पण जे प्रकल्प टिकले, त्यांच्याकडे हे नियम आहेत. देबियन बघा, १९९३ पासून चालू आहे आणि स्वयंसेवकांवर चालतं. त्यांचा प्रमुख दरवर्षी मतदानानं निवडला जातो. डेव्हलपरसाठीच्या त्यांच्या मार्गदर्शिकेत सुट्टीवर जाताना काय करायचं आणि निवृत्त होताना काय करायचं, हे लिहून ठेवलंय. बरेच दिवस ज्यांचा पत्ता नाही त्यांची चौकशी करायला वेगळी टीम आहे. पायथन भाषा बनवणाऱ्या गीदो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला, आणि पुढच्या वर्षापासून पाच जणांची निवडून आलेली समिती ते काम बघतेय. पायथन काही बंद पडली नाही.

आणि हेच माझ्या बायकोनं तिच्या भाषेत सांगितलं. मी तिला तो मेसेज वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्याकडे हँडओव्हर दिल्याशिवाय कुणी वॉर्ड सोडत नाही. पण हँडओव्हर दिल्यावर निघायचं असतं. तुमच्याकडे दुसरी शिफ्टच नाही, तर तू एकटा काय करणार?’

मग मी त्या गृहस्थाला उत्तर लिहिलं. पूर्ण ताबा मी घेणार नाही. आठवड्याला चार तास देईन, शनिवारी सकाळी दोन आणि बुधवारी रात्री दोन. सहा महिने रिलीजचं काम बघेन, त्यानंतर पुन्हा ठरवू. माझ्याबरोबर आणखी एक माणूस हवा, आणि आपल्या दोघांच्या संमतीशिवाय कुणाला अधिकार द्यायचे नाहीत. आणि प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहायचं, की उत्तर यायला दोन आठवडे लागू शकतात.

पाठवताना वाटलं होतं, तो म्हणेल मग राहू दे. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. दोन आठवडे असं लिहिता येतं, हे मला नऊ वर्षांत सुचलंच नाही.

दुसरी व्यक्ती मिळायला तीन महिने लागले. ती हिंदीवर काम करणारी आहे, तिच्या अडचणी थोड्या वेगळ्या, पण देवनागरी तीच. सहा महिने एप्रिलमध्ये संपले. मी आणखी सहा घेतलेत, तेही घरी विचारून.

याची किंमत नाही असं समजू नका. काही सुधारणा वर्षभर पडून आहेत. एकानं चिडून स्वतःची वेगळी प्रत काढली, आणि तिच्यात काही गोष्टी आमच्यापेक्षा चांगल्या आहेत. ठीक आहे, लायसन्स त्यासाठीच असतं. ज्या रात्री मुलीला ताप असतो, त्या बुधवारी मी ‘आज नाही’ एवढं लिहितो आणि लॅपटॉप मिटतो. कारण देत नाही, माफीही मागत नाही.

आता तुमच्यासाठी, विशेषतः कॉलेजात असलेल्यांसाठी, चार कामाच्या गोष्टी.

पहिली. नोकरी लागली की ऑफर लेटरबरोबर येणारा करार वाचा. बाहेरच्या कामाबद्दल, तुम्ही लिहिलेल्या कोडच्या मालकीबद्दल त्यात कलम असतं. ओपन सोर्स करणार असाल तर मॅनेजरकडून किंवा एचआरकडून ईमेलवर परवानगी घ्या. काम स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या अकाउंटवरून, ऑफिसच्या वेळेबाहेर करा.

दुसरी. फोनवरचे नोटिफिकेशन बंद. तुम्ही मला फोनवरच ऐकताय हे माहितीये, तरी सांगतो. कम्युनिटीचं काम फोनवर आलं की ते जेवणाच्या ताटापर्यंत येतं. माझ्याकडे ते फक्त लॅपटॉपवर आहे, आणि लॅपटॉप आतल्या खोलीत.

तिसरी. हिरव्या चौकोनांच्या मागे लागू नका. गिटहबवर आधी सलग किती दिवस काम केलं याचा आकडा दिसायचा, तो त्यांनी २०१६ मध्ये काढून टाकला. मुलाखतीत विचारलं जातं ते तुम्ही काय सोडवलं. रविवारी सुट्टी घेतली का, हे मला तरी अजून कुणी विचारलेलं नाही.

चौथी. घेतलेलं काम जमत नसेल तर लवकर सांगा. ‘मला जमणार नाही, कुणीही घ्या’ या एका वाक्यानं काम मोकळं होतं. गप्प बसलात तर दुसरा माणूसही हात लावत नाही, आणि काम तुमच्या नावावर अडकून राहतं.

आणि ज्या मुलीनं विचारलं होतं, जगायचं कधी, तिला सांगतो. आधी आठवड्याचे तास मोज. नोकरी, प्रवास, झोप, घरातलं काम, सगळं कागदावर लिही. घरातलं काम नक्की लिही, कारण आपल्याकडे मुलींच्या बाबतीत ते कुणी मोजतच नाही. मग जे उरतं त्यातलं अर्धं स्वतःसाठी ठेव. राहिलेल्या अर्ध्यातून कम्युनिटीला दे. ते दोन तास निघाले तर दोन तास. एकही निघाला नाही, तर या वर्षी नको. ‘दऱ्या’ पुढच्या वर्षीही शोधायच्याच आहेत, आणि तोवर बाकीचे आहोत आम्ही.

या शनिवारी मी कोडला बसणार नाहीये, दोघांना तसं कळवलंय. आमची आवणी आहे. पुढच्या भागात कराराच्या कलमांवर सविस्तर बोलू. तुमच्या ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय ते बघून ठेवा, आणि प्रश्न पाठवा. उत्तर यायला दोन आठवडे लागू शकतात.

भेटू. काळजी घ्या.