‘कडक’ म्हणजे नेमके काय?



२०२१ साली याच नाशकात भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाने खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानलेखक जयंत नारळीकरांना अध्यक्ष निवडले होते. विज्ञान मराठीत बोलते, हे या गावाला मी सांगायला नको. माझी तक्रार एकाच शब्दाबद्दल आहे : ‘कडक’.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका यंत्राचा शाफ्ट भाराखाली वाकत होता. मी कारागिराला चिठ्ठी दिली, ‘शाफ्ट कडक करा.’ त्याने तो लालबुंद तापवून पाणी दिले. वाकणे होते तेवढेच राहिले आणि आठवड्याभरात शाफ्ट काचेसारखा तुटला. कारागिराने सांगितले तेच केले; चुकला माझा शब्द. मला हवा होता ताठपणा, मिळाला कठीणपणा. पोलाद मऊ असो की पाणी दिलेले, त्याचा ताठपणा जवळपास तोच राहतो. शाफ्टचा ताठपणा वाढवते ती जाडी : व्यास दुप्पट केला, तर तो सोळा पट होतो.

ओरखड्याला दाद न देणे हा कठीणपणा. वाकायला तयार नसणे हा ताठपणा. भार पेलणे ही बळकटी. घाव पचवणे हा चिवटपणा. तुटण्याआधी ताणले जाणे ही तन्यता. बीड दाबाखाली बळकट असते, पण घणाच्या घावाने फुटते, म्हणून ते ठिसूळ. या सगळ्यांना एकाच ‘कडक’मध्ये कोंबून कसे चालेल?

‘तन्यता’, ‘वर्धनीयता’ हे शब्द पुस्तकी वाटतात, असे विद्यार्थी म्हणतात. त्यांना येवल्याची पैठणी दाखवा. अस्सल जरीसाठी चांदीची तार केसासारखी बारीक ओढतात, ही तन्यता. मग ती चपटी करतात, ही वर्धनीयता. तांबटाला विचारा. मठारताना ठोक्यागणिक तांबे कठीण होत जाते आणि तापवले की पुन्हा मऊ पडते, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. घरातही शेवयांची कणीक ओढली जाते, मांडा हातावर पसरतो. बाजरीचे पीठ ओढू गेले तर तुटते.

हा शब्दांचा छंद नाही. घर बांधणारा दुकानात ‘कडक सळई द्या’ म्हणतो. पण सळईच्या ‘५०० डी’ या प्रतीतला ५०० हा आकडा बळकटीचा : दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन. त्यापुढचे ‘डी’ हे अक्षर तन्यतेचे. भारतीय मानकाप्रमाणे साधी ५०० सळई तुटेपर्यंत किमान १२ टक्के लांबते, ‘डी’ असेल तर किमान १६ टक्के. भूकंपात इमारत वाकून उभी राहते ती या ताणले जाण्याच्या जोरावर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाडजूड भिंती कोसळल्या. त्या भक्कम दिसत होत्या, पण त्यांना ताण सोसत नव्हता.

म्हणून एकच विनंती. आराखड्यावर, पाठ्यपुस्तकात, दुकानाच्या पाटीवर गुणाचे नेमके नाव लिहा. कोणी ‘कडक’ मागितले, तर विचारा : ओरखडा नको, वाक नको, की तूट नको?

आता मध्यंतर आहे. बाहेर चहा तयार आहे. तो कडक आहे, आणि तिथे हा शब्द अगदी बरोबर आहे.