एका महिन्याच्या आकड्यावर टाळ्या वाजवू नका



मी सैन्यातला निवृत्त अधिकारी. निवृत्तीनंतर दिल्लीच्या आसपासच्या, ज्याला सगळे एनसीआर म्हणतात त्या पट्ट्यातल्या एका छोट्या शहरात राहतो. एनसीआर म्हटलं की आपल्याला गुरुग्राम आणि नोएडाच्या काचेच्या इमारती आठवतात. पण पलवल, सोहना, दादरी, खुर्जा, बागपत हीसुद्धा एनसीआरच आहे. आमचं शहर याच जातकुळीतलं. मधून महामार्ग जातो. एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला कारखाने आणि नव्या सोसायट्या. शहराचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात चूक एकट्या कुणाची नाही. थोडी माझीही आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरमध्ये आमच्याकडे रस्त्यावर बरेच बळी गेले. वर्तमानपत्रांत ओरड झाली. लगेच मोहीम निघाली. मुख्य चौकात हेल्मेट तपासणी, शाळेत शपथ, फलक, रिक्षावर भोंगा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत, जिथे माझ्यासारख्या दोन-तीन नागरिकांनाही बोलावतात, तक्ता दाखवला गेला. मृत्यू निम्म्याहून कमी. मोहीम यशस्वी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच बैठकीत आणखी एक विषय होता. महामार्गाच्या दुभाजकात एका ठिकाणी फट आहे, इकडे तिला ‘कट’ म्हणतात. तिथे दिवा नाही, पट्टे नाहीत. कारखान्यातून सुटलेले लोक सायकली घेऊन तिथूनच पलीकडे जातात. त्या कटचं काहीतरी करा, असा अर्ज आला होता. आकडा खाली आलाय म्हटल्यावर तो विषय पुढच्या बैठकीवर गेला. मी हरकत घेतली नाही.

तीन आठवड्यांनी आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा पहारेकरी त्याच कटवर गेला. पहाटेचं धुकं, हातात सायकल. रोज सकाळी फिरायला निघालो की मला ‘जय हिंद, साहब’ म्हणायचा. त्याचा भाऊ फौजेत होता, म्हणून.

त्यानंतर मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहिलो. त्या तक्त्याने आपल्याला नेमकं काय सांगितलं होतं? आज त्याचंच उत्तर तुमच्यापुढे ठेवतो.

आधी मोठा आकडा बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दर तासाला एकोणीस. आकडा इतका मोठा असला की चढ-उताराला अर्थ असतो. २०१९ मध्ये १,५१,११३ मृत्यू होते, २०२० मध्ये १,३१,७१४. कारण सगळ्यांना माहीत आहे, टाळेबंदी. रस्ते ओस पडले, मृत्यू घटले.

पण एका छोट्या शहरात महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मृत्यू होतात. तिथे गणित बदलतं.

हे समजायला फौजेतलंच एक उदाहरण आहे, फक्त आपल्या नाही, प्रशियाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियन सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांच्या नोंदी घेतल्या. दहा कोअर, वीस वर्षं, म्हणजे एकूण दोनशे नोंदी. त्यांत १२२ मृत्यू. दोनशेपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही. ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तिनांत तीन आणि एका नोंदीत चक्क चार. आता त्या चार मृत्यूंच्या कोअरच्या कमांडरची अवस्था डोळ्यांपुढे आणा. वरून पत्र आलं असेल, घोडे बिघडलेत की शिस्त बिघडली? पण बोर्टकिएविचने १८९८ च्या पुस्तकात दाखवलं, की घोडे तेच, माणसं तशीच, धोका सगळीकडे सारखा धरला, तरी निव्वळ योगायोगाने असंच वाटप होतं. कुठे शून्य, कुठे चार.

आता आपल्या शहराकडे या. समजा, एखाद्या शहरात महिन्याला सरासरी चार मृत्यू होतात, आणि वर्षभरात काहीही बदललं नाही. रस्ता तोच, वाहनं तेवढीच, पोलीस तेवढेच. तरीही बारा महिन्यांत निदान एका महिन्यात सात किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता चारात तीन आहे. आणि एखादा महिना शून्य किंवा एकावर येण्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे काहीही न घडता तुम्हाला एक ‘भयंकर’ महिना आणि एक ‘आदर्श’ महिना मिळणार, बहुतेक एकाच वर्षात.

आता गंमत बघा. मोहीम कधी निघते? भयंकर महिन्यानंतर. भयंकर महिन्यानंतरचा महिना बहुतेक वेळा कसा असतो? साधा. मोहीम काढा किंवा सत्यनारायण घाला, आकडा खाली येणारच. आणि श्रेय मोहिमेला जाणार. आमच्या बैठकीत हेच झालं. मी हेल्मेट तपासणीच्या विरोधात नाही. २०२२ मध्ये मेलेल्यांपैकी साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते, हेल्मेट हवंच. पण त्या एका महिन्याचा उतार हा तिचा पुरावा नव्हता.

ज्यांनी रायफल हातात घेतली आहे त्यांना हे लगेच पटेल. रेंजवर नवा रंगरूट एक गोळी मारतो, ती डावीकडे जाते, आणि तो लगेच साइट फिरवायला जातो. उस्ताद ओरडतो, ‘हात मत लगाना!’ आधी सगळ्या गोळ्या मार. निशाण्यावर त्यांचा पुंजका कुठे पडलाय ते बघ, आम्ही त्याला ग्रुप म्हणतो. ग्रुप बघून साइट बदल. महिन्याचा आकडा ही एक गोळी आहे.

मग ग्रुप किती मोठा हवा? तेच काल्पनिक शहर घ्या. समजा, तुम्ही खरोखर चांगलं काम केलंत आणि सरासरी चारावरून तीनवर आणली. पाव भाग जीव वाचले, मोठी गोष्ट. पण वर्षाचे अठ्ठेचाळीस विरुद्ध छत्तीस एवढ्यावरूनही तुम्ही छातीठोक बोलू शकत नाही, तेवढा फरक योगायोगानेही पडतो. तीन वर्षं विरुद्ध तीन वर्षं ठेवलीत, तर बोलायला जागा आहे. आणि बघा, महामार्गावरचा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवायचा सरकारी निकषही तीन वर्षांचाच आहे. साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. ज्यांनी तो निकष लिहिला त्यांना एका महिन्याचं मोल माहीत होतं.

याचा अर्थ महिना बिनकामाचा आहे का? नाही. फक्त त्याला नीट प्रश्न विचारावा लागतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत धुकं असं पडतं की गाडीच्या बॉनेटपलीकडे दिसत नाही. म्हणून यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा ताशी शंभरवरून पंच्याहत्तरवर आणतात. त्यात उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना चमकती पट्टी. म्हणून जानेवारीची तुलना गेल्या जानेवारीशी करायची, डिसेंबरशी किंवा मार्चशी नाही. त्यातही सण सरकतात. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. कावडयात्रा उत्तरेच्या श्रावणात, जो आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि इंग्रजी महिन्यांत मागे-पुढे होतो. आपल्याकडे आषाढी वारीचंही तेच. ‘यंदा जुलैत अपघात वाढले’ म्हणण्याआधी यात्रा कोणत्या महिन्यात होती ते बघा.

आणखी एक गोष्ट, जी एनसीआरमध्ये फार जाणवते. आमच्याकडचा गंभीर जखमी इथे राहत नाही. त्याला दिल्लीला पाठवतात, एम्सच्या ट्रॉमा सेंटरला, सफदरजंगला. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो रस्ते अपघातातला मृत्यू धरायचा असतो. पण माणूस दुसऱ्या राज्यात, पंधराव्या दिवशी गेला आणि ती खबर इथल्या नोंदवहीपर्यंत पोचली नाही, तर तो इथे ‘जखमी’च राहतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बनवलेला गेल्या महिन्याचा तक्ता म्हणूनच नेहमी थोडा कच्चा असतो.

मग बघायचं काय? फौजेत गाडीचा अपघात झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. ती ‘गेल्या महिन्यापेक्षा जास्त की कमी’ असं विचारत नाही. ती विचारते, कुठे? किती वाजता? उजेड किती? रस्ता कसा? चालक किती तास जागा होता? मला हे ठाऊक होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. तरी साध्या कपड्यांत बैठकीला बसलो आणि विसरलो.

३ जून २०१४ ची सकाळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. गोपीनाथ मुंडे दिल्लीत गेले. मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. महिन्याच्या तक्त्यात ती एक एककाची नोंद आहे. पण कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या नजरेने बघा. पहाट नुकतीच सरलेली, रस्ता मोकळा, जागा चौकाची, माणूस मागच्या सीटवर. यातला प्रत्येक शब्द आपल्याला काहीतरी शिकवतो. ‘जून, एक’ काहीच शिकवत नाही.

जागा धरून काम केलं की काय होतं, हे आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दिसलं. २०१६ पासून तिथे सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून काम केलं. अपघाताच्या जागेवर जाऊन तपासणी, धोकादायक कठडे आणि अडथळे दुरुस्त करणं, वेगावर नजर, जखमीपर्यंत लवकर पोचणं. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू होते, २०२० मध्ये ६६. २०२० टाळेबंदीचं वर्ष होतं, ते विसरायचं नाही. पण मधल्या वर्षांतही उतार होता. एका महिन्याचा नव्हे, वर्षांचा.

मी काय केलं? पहारेकऱ्याच्या तेराव्यानंतर पोलीस ठाण्यात गेलो, परवानगी घेऊन तीन वर्षांच्या नोंदी हाताने उतरवल्या. घरी भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि टाचण्या टोचत गेलो. महिन्यांच्या रकान्यातून काही हाती लागलं नाही. जागेच्या रकान्याने तासाभरात सांगितलं. बहुतेक टाचण्या तीन ठिकाणी गोळा झाल्या. तो कट, एका ढाब्यासमोर ट्रक उभे राहतात ती कड, आणि गावाकडचा रस्ता महामार्गाला मिळतो तो तोंडवळा. वेळ बघितली तर संध्याकाळ आणि पहाट. माणसं बघितली तर पायी, सायकलवर, दुचाकीवर. हा होता ग्रुप. आणि मुख्य चौक, जिथे आपण हेल्मेट तपासत होतो, तिथे जवळपास टाचणीच नव्हती.

तो नकाशा गुंडाळून बैठकीला नेला. बरीच खेप घालावी लागली. शेवटी सिमेंटचे ठोकळे टाकून कट बंद झाला, आणि लोक उलट्या बाजूने सायकली चालवायला लागले, कारण पुढचा यू-टर्न दोन किलोमीटरवर. रात्रपाळी करून आलेला माणूस चार किलोमीटरचा फेरा का घालेल? तेव्हा पुन्हा नकाशा, पुन्हा बैठक. आता थोड्या अंतरावर दिवे, पट्टे आणि गतिरोधक लावून ओलांडायला जागा करून दिली आहे. रस्ता बंद केलात तर दुसरा द्यावा लागतो, हे लिहून ठेवा.

त्याला आठ महिने झाले. तिथे एकही मृत्यू नाही. गेल्या बैठकीत कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांबा. जिथे वर्षाला सरासरी दोन माणसं मरतात, तिथे काहीही न करता आठ महिने कोरडे जाण्याची शक्यताही चारात एक असते. नकाशा भिंतीवर आहे. तीन वर्षं पूर्ण होऊ देत.

तुमच्या गावात, तालुक्यात पुढच्या वेळी कुणी म्हणालं की या महिन्यात अपघात घटले, किंवा वाढले, तर त्यांना तीनच प्रश्न विचारा. कुठे झाले? किती वाजता? गेल्या तीन वर्षांत त्याच जागी किती? उत्तर नसेल, तर नोंदी मागा आणि टाचण्यांची एक डबी घेऊन बसा. फार शिक्षण लागत नाही.

मी तेव्हा हे प्रश्न विचारले नाहीत. तुम्ही विचारा.

जय हिंद. जय महाराष्ट्र.