आधी मोजणी, मग पेरणी



भूगोलाच्या शिक्षकांच्या आणि पाणलोट कार्यकर्त्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण माझ्याकडे सोपवलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. जानेवारी २०२० मध्ये याच धाराशिव शहरात ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, हरित वसईसाठी झगडलेले लेखक. साहित्याच्या मंचावर निसर्गाचा कळवळा ऐकलेल्या या शहरात पाण्याविषयी बोलण्याची संधी मला मोलाची वाटते.

आज मी डोंगरावरच्या बर्फापासून सुरुवात करणार आहे. बालाघाटाच्या पठारावर बर्फाचे काय काम, असे कुणाच्याही मनात येईल. आपल्या शिवारात बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, आणि २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथला शेतकरी विसरलेला नाही. पण हिमालयातल्या बर्फाचे आपल्या पावसाशी जुने नाते आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बर्फावर जगणाऱ्या लोकांनी पाण्याची एक शिस्त घडवली आहे. ती आपण घ्यावी, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. एरवी जिथे स्कीइंगसाठी देशोदेशीचे लोक येतात, तिथे ऐन हिवाळ्यात माती आणि वाळके गवत दिसत होते. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बर्फ पुरेसा नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. हॉटेलवाले, घोडेवाले, स्की शिकवणारे तरुण या सगळ्यांचा हंगाम बुडाला की बातमी लगेच होते. शेतकऱ्याची बातमी उशिरा येते. हिवाळ्यात साठलेला बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळतो आणि झेलम, चिनाबसारख्या नद्यांना पाऊस नसतानाही पाणी देतो. जानेवारीत खेळाडू परतले, तर मे-जूनमध्ये कालव्याच्या टोकाचा शेतकरी अडचणीत येणार, हे तेव्हाच समजायला हवे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वत-अभ्यास केंद्राने २०२५ मध्ये सांगितले, की हिंदुकुश-हिमालयात नोव्हेंबर ते मार्च या काळात जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. २३ वर्षांतले हे सर्वांत कमी.

खेळाची अडचण यंत्राने काही काळ झाकता येते. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जवळजवळ सगळा बर्फ यंत्राने तयार केलेला होता. पण तो बर्फ करायलाही पाणीच लागते. यंत्राने उतार पांढरा करता येईल, नदीचे खोरे भरता येणार नाही.

आता त्या शिस्तीकडे येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठात जेम्स चर्च नावाचे प्राध्यापक होते. विषय प्राचीन भाषा-साहित्य, ओढ डोंगरांची. माउंट रोझ या शिखरावर जाऊन त्यांनी बर्फात पोकळ नळी खुपसायची, आत आलेल्या बर्फाचे वजन करायचे आणि त्यावरून त्यात पाणी किती ते काढायचे, अशी पद्धत बसवली. बर्फाच्या जाडीवरून पाणी कळत नाही. ताजा भुसभुशीत बर्फ दहा सेंटिमीटर असला तर त्यात पाणी सुमारे एकच सेंटिमीटर निघते. जुना, दबलेला बर्फ तेवढ्याच जाडीत कितीतरी जास्त पाणी धरतो. स्कीइंग करणारा जाडी आणि मऊपणा पाहतो, पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्याला वजन पाहावे लागते. चर्च यांच्या नळीमुळे उन्हाळ्यात तलावात आणि नदीत किती पाणी येईल, हे वसंतातच सांगता येऊ लागले. भाषेच्या शिक्षकाने हे केले, हे मी इथल्या शिक्षकांना मुद्दाम सांगतो.

१ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात अशीच मोजणी झाली. पर्वतभरच्या बर्फातले एकूण पाणी सरासरीच्या अवघे पाच टक्के भरले. मोजणीच्या एका जागी तर बर्फच नव्हता. राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन त्या कोरड्या गवतावर उभे राहिले आणि शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात त्यांनी त्याच दिवशी सक्तीची केली. उन्हाळा अजून पुढे होता, पण निर्णय मोजणीच्या दिवशी झाला.

आपल्याकडेही हिमाचा अभ्यास फार लवकर सुरू झाला, आणि त्याला निमित्त दुष्काळ होता. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि लगेच १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले, की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा मोसमी पाऊस कमी होण्याकडे कल असतो. जास्त बर्फ वितळायला जास्त उष्णता खर्च होते, जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरून वारे ओढून घेणारा कमी दाबाचा पट्टा दुबळा राहतो, असा तो विचार. १८८६ पासून देशासाठी नियमित अंदाज निघू लागले. पुढे शंभर वर्षांनी पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १६ घटकांचे प्रारूप उभे केले. त्या घटकांत हिमालयावरचा आणि युरेशियावरचा बर्फही होता. ज्या मराठी शास्त्रज्ञाने अग्निबाणाच्या इंधनावर काम केले, त्यानेच देशाच्या पावसाचा अंदाज बांधायला बर्फ विचारात घेतला, याचा मला अभिमान वाटतो.

पण २००२ साल आठवा. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, प्रत्यक्षात देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. त्यानंतर प्रारूप बदलावे लागले. बर्फ आणि मोसमी पाऊस यांचे नातेही सगळ्या दशकांत सारखे राहिलेले नाही. यात शास्त्राची नामुष्की नाही; हवामान बदलते तसे नाते बदलते. शिवाय देशाचा अंदाज परंडा किंवा लोहाऱ्यासारख्या आपल्या तालुक्यांबद्दल फार थोडे सांगतो. म्हणून अंदाज ऐकावा, पण वर्षाचा बेत मोजलेल्या पाण्यावर करावा.

मग आपले पाणी कुठे आहे? हा जिल्हा दोन खोऱ्यांचा दुभाजक आहे. तेरणा, मांजरा गोदावरीकडे जातात. सीना, बोरी भीमेतून कृष्णेकडे. पाऊस येतो तो मुख्यतः चार महिन्यांत, आणि डोंगरावर तो पुढच्या उन्हाळ्यासाठी गोठून राहत नाही. बर्फाची जागा आपल्याकडे जमिनीखालच्या खडकाने घेतली आहे. बेसाल्टचा झिजलेला थर आणि त्याच्या भेगा हे आपले पेव आहे. पेवात धान्य किती उरले ते वरून दिसत नाही. आत उतरून पाहावे लागते.

हे पेव किती लहान आहे, ते आकड्यांत सांगतो. या खडकातून उपसून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरा. एका हेक्टरखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर हाती आले २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. शेतात पसरले तर दोन सेंटिमीटर. पिकाला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर तेवढ्याच रानाखालची पातळी तीन मीटर खाली गेली. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षभरात पाऊस धरून दोन मीटरच्या आसपास पाणी लागते. शाळू ज्वारी मात्र पुष्कळदा जमिनीतल्या ओलीवरच येते. विहीर पन्नास फूट खोल आहे, एवढ्याने काही कळत नाही. खोलीला पाणी समजणे ही बर्फाच्या जाडीला पाणी समजण्यासारखीच चूक आहे.

दूरच्या डोंगरावर आपणही अवलंबून आहोत. धाराशिव शहराच्या नळाला उजनीचे पाणी येते आणि उजनी भरते ती भीमाशंकर ते मुळशीपर्यंतच्या सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाने. ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे, आणि २०२४च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुसऱ्या टोकाला सप्टेंबर २०२५ आहे. भूम-परंड्यात पुराने घरे, जनावरे आणि मातीही नेली. माणसांना वाचवायला हेलिकॉप्टर आली. एवढे पाणी पाहिले म्हणून पुढची वर्षे निश्चिंत, असे कुणी समजू नये. वाहून गेलेले पाणी साठ्यात धरता येत नाही.

गुलमर्गचा उतार जशी आधी खूण देतो, तशी खूण आपल्याकडेही आहे. बोरी धरण भरून सांडवा वाहू लागला, की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळू लागतात आणि पाणीमहाल पाहायला गर्दी लोटते. ज्या वर्षी धबधबा वाहत नाही, त्या वर्षी पर्यटक हळहळतात. त्याच पाण्यावर नळदुर्ग-तुळजापूरच्या घागरी भरायच्या असतात, म्हणून त्या हळहळीला प्रशासनाने आणि नागरिकांनी इशारा समजावे.

मोजणीची यंत्रणा आपल्याकडे नाही, असेही नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते. पावसाळा संपतानाच्या मोजणीवरून टंचाईचा अंदाज काढला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला आणि पिके त्यानुसार ठरवली. प्यायचे पाणी आधी, जनावरांचे नंतर, उरलेल्यात शेती. हा क्रम गावाने पाळला, म्हणून ते गाव उभे राहिले.

म्हणून या परिषदेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिले, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या गावातल्या निवडक विहिरी सप्टेंबरअखेर, जानेवारीत आणि मार्चमध्ये मोजाव्यात. त्याला एक टेप आणि एक वही पुरते. मोजणी मुलांनी करावी, शिक्षकांनी तपासावी. दुसरे, ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत आणि रब्बीच्या पेरणीआधीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत. तिसरे, साठा कमी भरला तर कुठले पीक घ्यायचे नाही, हे त्याच सभेत ठरावे. मार्चमध्ये टँकरची मागणी लिहिण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये हा ठराव लिहिणे गावाच्या हिताचे आहे.

बर्फाच्या मुलखातल्या लोकांना साठा डोळ्यांनी दिसतो, तरी ते मोजल्याशिवाय निर्णय घेत नाहीत. आपला साठा दिसतही नाही. तेव्हा मोजण्याची गरज आपल्याला अधिक आहे. शिक्षक मित्रांनो, येत्या सप्टेंबरअखेर आपापल्या गावातली पहिली विहीर मोजा, आकडा लिहून ठेवा आणि तो गावाला सांगा. एवढे आवाहन करून मी थांबतो.