मुरूम उचलण्याआधी



देशाची खनिजसंपत्ती म्हटलं की सोन्या-चांदीचं नाव आधी निघतं. आपल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांच्या जमिनीत दोन्हीच्या खाणी नाहीत. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलात की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख दिसतो. यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती आणि हजारो कार्षापण नाण्यांची नोंद त्यात आहे. ती नाणी कुठल्या कुठे पांगली, पण ज्या काळ्या कातळावर हा हिशोब कोरला तो आजही जागेवर आहे.

तो कातळ म्हणजे बेसॉल्ट, आणि आपली संपत्ती तीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर ते पसरलेले आहेत. १८६५ साली कसाऱ्याहून थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली ती हा कातळ फोडून. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तोही शहापुरातले डोंगर कापूनच. रस्ता हवा, घर हवं, तर खडी लागणारच. खाणीवर आणि क्रशरवर राबणारी माणसंही आपलीच आहेत, म्हणून दगड काढूच नका असं मी म्हणणार नाही.

माझा जीव गुंतलाय तो मुरमात. अभंग बेसॉल्टमध्ये पाणी जवळजवळ मुरतच नाही. पाणी धरतो तो वरचा झिजलेला थर, म्हणजे मुरूम, आणि त्याखालच्या कातळातल्या भेगा. तुमच्या पाड्यावरची विहीर मार्चपर्यंत टिकते ती या थराच्या जोरावर. भरावासाठी पोकलेन लावून टेकडीचा मुरूम खरवडला की पुढच्या पावसाळ्यात तिथलं पाणी न मुरता सरळ ओढ्याला लागतं. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापुरात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही शहापुरातच. या टंचाईला फक्त मुरूम-उपसा कारण नाही, हे मला ठाऊक आहे. उतार तीव्र आहे, कातळ कठीण आहे, आणि धरणाचं पाणी जलवाहिनीतून शहराकडे जातं. पण त्या पाड्यांना उरतो तो हा थर, आणि तो एकदा गेला की आपल्या नातवंडांच्या हयातीतही पुन्हा तयार होत नाही.

कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ साली बंद पडली. सोनं देशभर गेलं, सायनाइड मिसळलेल्या मातीचे ढिगारे मात्र कोलारच्या लोकांच्या दारात उरले. खनिज निघून गेल्यावर जागेवर काय उरणार, हा प्रश्न सोन्याला लागू आहे तसाच मुरमालाही.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आज पदवी घेणाऱ्या तुम्हा मुलामुलींना आहे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा भागात मुरूम-दगडासारख्या गौण खनिजाचा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. कायदा कागदावर भक्कम आहे; पण प्रस्ताव वाचणारं, नकाशावर गट क्रमांक ओळखणारं माणूस बैठकीत नसेल तर शिफारस नुसत्या सह्या-अंगठ्यांवर उरकते. तिथे तुम्ही हवे आहात.

वाणिज्यवाल्यांनो, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, गुणा, शंभराने भागा. किती ब्रास माल निघाला ते कळेल. मग स्वामित्वधन किती ब्रासचं भरलं, याची माहिती माहितीच्या अधिकारात तहसील कार्यालयातून मागा. विज्ञानवाल्यांनो, गावातल्या विहिरींची पातळी दर महिन्याला दोरी सोडून मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. शेजारच्या टेकडीला हात लागण्याआधीच्या नोंदी असतील, तरच नंतर झालेलं नुकसान दाखवता येईल. आणि कला शाखेतल्यांनो, ठाकर, कातकरी, महादेव कोळी आजीआजोबांना विचारा, कोणता झरा कधी आटला. तेही त्याच वहीत उतरवा.

१ मे रोजी ग्रामसभा भरेल. त्याआधी एकदा ग्रामपंचायतीत जाऊन विषयपत्रिका मागा आणि खाणपट्ट्याचा विषय असेल तर प्रस्तावाची प्रत घेऊन घरी बसून वाचा.