मागे उभं राहून बघताना

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. ती वाटचाल अंबड, औरंगाबाद, पुणे एवढ्या तीन शब्दांत संपते. बाकीचं सगळं खुर्चीत बसून झालं. त्यामुळे मी आज एका खेळाबद्दल बोलणार आहे. बाई, रागावू नका, गृहपाठ करून आले आहे.

खेळाचं नाव नेटहॅक. १९८७ साली तो पहिल्यांदा आला. त्याच्या आधीचा हॅक आणि त्याच्याही आधीचा १९८० चा रोग, असं त्याचं घराणं. लिहिणारी मंडळी ठिकठिकाणी राहून नेटवर्कवरून एकत्र काम करत होती, म्हणून नावात 'नेट' आलं. अजूनही तो फुकट मिळतो. त्यात चित्र एकही नाही. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. ईमेलच्या पत्त्यात मध्ये जे ॲटचं चिन्ह असतं ना, ते म्हणजे आपण. शेजारी इंग्रजी डी दिसला तर तो आपला कुत्रा. जमिनीखाली पन्नासेक मजले उतरायचे, येंडोरचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन परत वर यायचं. मजले दर डावाला नव्याने रचले जातात, त्यामुळे पाठांतर उपयोगाचं नाही. आणि मेलात की मेलात. मागचा डाव उघडून पुन्हा तिथून सुरुवात, ही सोय नाही. मी इतकी वर्षं खेळते आहे, एकदाही जिंकलेले नाही.

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत माझ्या शेजारी एक सीनियर बसायचे. त्यांच्या पडद्यावर कायम काळ्यावर पांढरी अक्षरं. मला वाटायचं, केवढं काम करतात! साहेबांनाही तसंच वाटायचं. आठवडाभराने कळलं की ते नेटहॅक खेळत होते. मग महिनाभर मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून डबा खाता खाता बघत होते.

मागे उभं राहून बघायची सवय मला आपल्या शाळेनेच लावली. आठवतं ना, नववीत असताना संगणक आला? एकच होता. चपला बाहेर काढून आत जायचं. खुर्चीवर मुलगे, मागे मुली. कुणी तसा नियम केला नव्हता, आपोआप तसं झालं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. माझ्या बाकावरची मैत्रीण तेव्हा माझ्या शेजारी उभी असायची. तिला विचारूनच सांगते आहे, नाव मात्र घेत नाही. बेसिकमधला प्रोग्राम चालेना, खुर्चीवरचा डोकं खाजवतोय, सरही फळ्याकडे बघतायत, आणि ही मागून हळूच म्हणाली, "नेक्स्ट ऱ्हायलं की." फॉर लिहिलं होतं, नेक्स्ट लिहायचं राहिलं होतं. त्याने ते टाइप केलं, प्रोग्राम चालला, सरांनी त्याची पाठ थोपटली. तो आज दुसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता हसतोय.

असो. नेटहॅकची एक गंमत पुढे कळली. तो सार्वजनिक सर्व्हरवरही खेळता येतो. नेटहॅक डॉट ऑल्ट डॉट ऑर्ग हा त्यातला जुना आणि नावाजलेला. तिथे गेलं की आत्ता जगभरात कोण कोण खेळतंय याची यादी दिसते. त्यातलं एक नाव निवडायचं आणि त्याचा डाव बघत बसायचं. तो चालतो तसं आपल्या पडद्यावर अक्षर हलतं. बघणाऱ्याला खेळणाऱ्याकडे चिठ्ठीही पाठवता येते. ती खेळातच पोचते. एक टपालवाला पळत येतो, चिठ्ठी हातात देतो आणि नाहीसा होतो.

२०२० च्या टाळेबंदीत मी अंबडला आईकडे अडकले होते. नेट असं की व्हिडिओ मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहून थिजायचं. पण हा खेळ चालायचा, कारण नुसती अक्षरंच तर येतात. लाइट गेली तरी सर्व्हर डाव जसाच्या तसा जपून ठेवायचा. मराठवाड्यासाठीच बनवलाय असं वाटावं!

एका रात्री माझा डाव कधी नव्हे तो छान रंगला होता. पिवळा सी समोर आला. हा कोंबड्यासारखा प्राणी, कॉकाट्राइस. त्याला नुसता हात लागला तरी माणसाचा दगड होतो. मी लांबून सुऱ्या फेकून त्याला मारला. आता त्याचं मढं उचलायचं, हत्यारासारखं धरायचं आणि समोर येईल त्याला दगड करत सुटायचं. ही युक्ती मी दुसऱ्या एकाच्या डावात बघितली होती. मढ्यावर जाऊन उभी राहिले, आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाणी किती दिवसांनी येतं ते इथे सांगायला नको. उठले, सगळं भरून घेतलं. परत येऊन एक कळ दाबली तर टपालवाला हजर. चिठ्ठीत एकच शब्द होता, 'ग्लव्ज?'

मी थंडच पडले. मेलेल्या कॉकाट्राइसलाही उघडा हात चालत नाही. ज्याचा डाव मी बघितला होता त्याने हातमोजे घातले होते. मी सगळं बघितलं होतं, तेवढंच बघितलं नव्हतं. कोण कुठला तो माणूस, मी पाणी भरत होते तेवढा वेळ माझ्या थांबलेल्या डावापुढे बसला, आणि त्याने लिहायचे कष्ट घेतले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण तो खेळ नव्हता. दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात, निकालाच्याही आधी, माझ्या मैत्रिणीचं लग्न झालं. मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने तेव्हाही अठराच होतं. मला महिनाभर आधी माहीत होतं. तिने मला सांगितलं होतं आणि सांगून माझ्याकडे बघत राहिली होती. मी बाईंकडे जाऊ शकत होते, निदान घरी वडिलांपाशी बोलू शकत होते. मी त्या लग्नात बुंदी वाढली. निकालात गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तिची मार्कशीट शाळेतून मीच घेऊन तिच्या आईला दिली.

बोलून लग्न थांबलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. बहुधा नसतं थांबलं. पण त्या चिठ्ठीवाल्याला तरी कुठे माहीत होतं, मी वाचेन की नाही ते?

टाळेबंदी उठल्यावर मी तिचा नंबर मिळवला. ती परतूरजवळ असते. बचत गटाचा हिशेब तिच्याकडे असतो आणि मुलगी पॉलिटेक्निकला आहे. पहिल्याच फोनवर मी हे सगळं धडाधड बोलून टाकलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं हुतं तू बाईला सांगशील." एवढंच. नंतर ती कापसाच्या भावावर बोलायला लागली.

मागच्या दिवाळीत ती अंबडला आली होती. मी लॅपटॉप उघडून तिला खेळ दाखवला. म्हटलं, तू बस खुर्चीवर. ती म्हणाली, "तू खेळ, मी आधी बघते." आणि माझ्या मागे, थेट नववीतल्यासारखी, उभी राहिली. कुठल्या अक्षराचा काय अर्थ, एवढंच मी सांगितलं. मी घाईघाईत जिना उतरून खालच्या मजल्यावर गेले. जिना उतरताना कुत्रा अगदी शेजारच्या चौकटीत असावा लागतो, नाहीतर तो वरच राहतो. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"अगं," ती मागून म्हणाली, "कुत्रं वरच ऱ्हायलं की तुझं."

मी जिना चढून परत वर गेले. तो दारापाशीच फिरत होता. मग मी खुर्चीवरून उठले आणि तिला बसवलं.